‘सगळे पैसे काढून घे’ असे मुलाला सांगण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतल्या नोकरकपातीवर आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख मी इथे न्यू जर्सीत वाचला. लेख मनापासून लिहिलेला होता. पण शेवटी परतणाऱ्या मुलांना एक सल्ला दिला होता, ‘तिकडच्या निवृत्ती खात्यातले पैसे काढून, हिशेब मिटवूनच यावे.’ तो वाचून गप्प बसवेना. हे पत्र लेखकांच्या चुका काढण्यासाठी नाही. ज्यांचे मुलगे, मुली, सुना, जावई इकडे नोकरीला आहेत, अशा आपल्या वाचकांसाठी लिहिते आहे.

मी मूळची मिरजेची. एडिसनजवळच्या एका मध्यम कंपनीत कर्मचाऱ्यांच्या विमा-निवृत्तीचे काम पाहते. नोकरी सोडणाऱ्याचा आरोग्यविमा, शिल्लक रजा आणि ४०१-के, म्हणजे कंपनीमार्फत चालणारे निवृत्ती बचत खाते, या सगळ्याचे कागद माझ्या टेबलावरून पुढे जातात. वीसहून जास्त वर्षे हेच करते आहे. नोकरी गेलेली मराठी मुले येतात, आधी इंग्रजीत बोलतात, मग दार लोटून घेतात आणि विचारतात, “ताई, बाबा म्हणतायत सगळे पैसे काढून घे. काढू का?”

बाबा असे का म्हणतात ते मला कळते. आमच्या घरीही नोकरी सुटली की आधी प्रॉव्हिडंट फंडाचा फॉर्म भरायचा, हीच रीत होती. त्या पैशातून बहिणीचे लग्न व्हायचे, घरावर स्लॅब पडायचा. नोकरी गेली म्हणजे फंडही त्या कंपनीत राहू नये, आपल्या हातात यावा, ही भावना कष्टाच्या पैशाच्या काळजीतूनच येते. त्यात व्हिसा संपणार म्हटल्यावर ‘परक्या देशात पैसे अडकतील’ ही भीती. म्हणून सर्वांत आधी हे सांगते: व्हिसा गेला म्हणून ४०१-के खाते जात नाही. देश सोडताना ते रिकामे केलेच पाहिजे, असा कोणताही नियम नाही. पैसे कंपनीच्या तिजोरीत नसतात, वेगळ्या विश्वस्त निधीत असतात. कंपनी दिवाळखोरीत निघाली तरी तिला कर्ज देणारे त्या पैशांना हात लावू शकत नाहीत. १९७४ च्या केंद्रीय कायद्याने हे संरक्षण दिलेले आहे. (कंपनीने स्वतःच्या वाट्याचे घातलेले पैसे मात्र ठरावीक वर्षे नोकरी केल्यावरच पूर्णपणे आपले होतात. पडद्यावर दिसणारी एकूण रक्कम आणि आपली रक्कम यांत फरक असू शकतो, एवढे मुलाला विचारून घ्यावे.)

नोकरी सुटल्यावर त्या खात्याचे काय करायचे, याला चार वाटा आहेत. शिल्लक अगदीच थोडी नसेल तर आहे तिथेच ठेवता येते. नव्या कंपनीची योजना घेत असेल तर तिच्यात नेता येते. स्वतःच्या नावाने आयआरए हे निवृत्ती खाते उघडून त्यात वळवता येते. आणि चौथी वाट म्हणजे रोख काढून घेणे. पहिल्या तिन्ही वाटांवर, पैसे एका संस्थेकडून थेट दुसरीकडे गेले तर, एक सेंटही कर कापला जात नाही. यालाच इथे थेट रोलओव्हर म्हणतात. (साधे खाते रॉथ खात्यात, म्हणजे आधी कर भरून पैसे ठेवण्याच्या खात्यात, नेले तर मात्र ती रक्कम त्याच वर्षी उत्पन्नात धरली जाते. हे एका ओळीत सांगण्याजोगे प्रकरण नाही, म्हणून इथे सोडते.)

खरे नुकसान फॉर्मवरच्या एका चौकोनात होते. चेक कोणाच्या नावाने काढायचा, तो चौकोन. नव्या संस्थेच्या नावाने, ‘अमक्याच्या लाभासाठी’ असे लिहून चेक निघाला, तर तो थेट रोलओव्हर ठरतो. असा चेक कधीकधी टपालाने मुलाच्या घरी येतो, तेव्हा घाबरायचे कारण नाही. तो बँकेत न भरता तसाच पुढच्या संस्थेला पाठवायचा. पण चेक मुलाच्या स्वतःच्या नावाने निघाला, तर कायद्याने वीस टक्के आधीच कापून सरकारजमा करावे लागतात. १९९३ पासून हा नियम आहे. त्यात ना कंपनीला सूट देता येते, ना मला.

आकड्यांत सांगते. खात्यात ६०,००० डॉलर आहेत. चेक स्वतःच्या नावाने घेतला, हातात आले ४८,०००. आठवडाभराने मुलाला कोणी शहाणे भेटले, म्हणाले, अरे, साठ दिवसांच्या आत आयआरएमध्ये भर, कर लागणार नाही. ते खरेच आहे. पण भरायचे आहेत पूर्ण ६०,०००. कापलेले १२,००० तर सरकारकडे गेले, ते पुढच्या वर्षी विवरणपत्र भरल्यावर परत मिळणार. म्हणजे नोकरी नसलेल्या मुलाने आज १२,००० डॉलर खिशातून घालायचे. नाही घातले, नुसते ४८,००० भरले, तर उरलेले १२,००० ‘काढलेले’ धरले जातात. त्यांवर उत्पन्नाप्रमाणे कर, आणि वय साडेएकोणसाठच्या आत असेल तर वर दहा टक्के जादा कर, म्हणजे आणखी १,२०० डॉलर.

आणि काहीच परत भरले नाही तर? पूर्ण ६०,००० त्या वर्षीच्या पगारात मिळवले जातात. मुलगा २४ टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर १४,४०० केंद्रीय कर, ६,००० जादा कर, झाले २०,४००. राज्याचा कर वेगळा. कापलेल्या १२,००० ने हे देणे भागत नाही. बाकीचे पुढच्या एप्रिलपर्यंत भरायचे असते, आणि तोवर पैसे कुठल्यातरी टॉवरच्या बुकिंगमध्ये गेलेले असतात. एका मुलाचे असेच झाले. हुशार, कष्टाळू मुलगा. जानेवारीत नोकरी गेली, चेक स्वतःच्या नावाने घेतला, वडिलांच्या सांगण्यावरून नाशिकला फ्लॅट बुक केला. वर्षभराने त्याचा मला फोन आला तेव्हा तो कर भरण्यासाठी मित्राकडून उसने घेत होता. वडिलांना अजून सांगितलेले नव्हते, त्यांना वाईट वाटेल म्हणून. ‘उसने’ म्हणताना त्याचा आवाज बसला, तो अजून माझ्या कानात आहे.

या साठ दिवसांबद्दल आणखी एक घोळ सतत पाहते. एच-१बी व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली की त्याला देशात राहायला जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. ही मुदत नोकरीच्या शेवटच्या दिवसापासून मोजतात. रोलओव्हरचे साठ दिवस निराळे. ते चेक हातात पडल्यापासून मोजतात, शनिवार-रविवार आणि सुट्ट्या धरून. दोन्ही आकडे सारखे असल्यामुळे मुले त्यांची सांगड घालतात आणि ‘दोन महिन्यांत देशही सोडायचा, पैसेही काढायचे’ अशी घाई स्वतःवर ओढवून घेतात. थेट रोलओव्हरला साठ दिवसांची अटच नाही. जुन्या कंपनीच्या योजनेत पैसे ठेवून माणूस सहा महिन्यांनी, दोन वर्षांनीही तो करू शकतो.

साठ दिवस चुकले तर माफी मिळते का, असेही विचारतात. काही कारणांसाठी मिळते. चेक हरवला आणि वटलाच नाही, टपालाची चूक झाली, घरात मृत्यू झाला, स्वतः किंवा घरचे माणूस गंभीर आजारी पडले. २०१६ पासून अशा कारणांचे पत्र स्वतः लिहून संस्थेला देता येते. ‘नियम ठाऊक नव्हता’ आणि ‘मी भारतात गेलो होतो’ ही कारणे त्या यादीत नाहीत. आयआरएमधून आयआरएमध्ये चेक हाती घेऊन पैसे नेण्याची मुभा बारा महिन्यांत एकदाच मिळते, आणि २०१५ पासून माणसाची सगळी आयआरए खाती मिळून एकदाच. हा अर्थ ज्या खटल्यात ठरला, त्या २०१४ च्या बॉब्रो खटल्यात हरलेले गृहस्थ स्वतः करविषयक वकील होते. त्यांची चूक होऊ शकते, तर कोड लिहिणाऱ्या आपल्या मुलांना कोणी दोष देऊ नये. पण संस्थेकडून संस्थेकडे थेट हस्तांतर कितीही वेळा करता येते, म्हणून त्याच वाटेने जावे.

खात्यावर कर्ज घेतलेले असेल तर नोकरी सुटताच तो प्रश्न पुढे येतो. स्वतःच्या शिलकीच्या निम्म्यापर्यंत, कमाल ५०,००० डॉलर कर्ज मिळते, आणि घराच्या पहिल्या हप्त्यासाठी पुष्कळजण ते घेतात. नोकरी गेल्यावर ते फेडले नाही तर बहुतेक योजना तेवढी रक्कम खात्यातून वळती करतात, आणि ती काढल्यासारखी धरली जाते. २०१८ पासून मात्र एक सवलत आहे: तेवढे पैसे त्या वर्षीच्या विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत आयआरएमध्ये भरले तर कर वाचतो. मुदतवाढ घेतली असेल तर ऑक्टोबरपर्यंत. ही सवलत फार कमी जणांना माहीत असते.

आता परत येण्याविषयी. यायचे ठरलेच असेल, तर आयआरए उघडून थेट रोलओव्हर अमेरिकेत असतानाच उरकावा. भारतातला पत्ता पाहिला की अनेक दलाल संस्था नवे खाते उघडायला नकार देतात. इथले एक बँक खाते चालू ठेवावे. आणि पत्ता बदलल्याचे कळवावेच कळवावे. कारण शिल्लक ७,००० डॉलरपर्यंत असेल तर जुनी कंपनी माणसाला न विचारता पैसे योजनेबाहेर काढू शकते. १,००० पेक्षा जास्त असतील तर ते एखाद्या आयआरएमध्ये टाकते, आणि त्याहून कमी असतील तर चेक शेवटच्या पत्त्यावर रवाना होतो. तो शेवटचा पत्ता बहुतेकदा सोडलेल्या भाड्याच्या फ्लॅटचा असतो. असे हरवलेले खाते शोधण्यासाठी इथल्या कामगार खात्याने डिसेंबर २०२४ मध्ये एक शोधसुविधा सुरू केली आहे. सोशल सिक्युरिटी क्रमांकावरून जुन्या कंपन्यांच्या योजना त्यात सापडू शकतात. पूर्वीच परतलेल्यांनीही एकदा पाहावे.

भारतातल्या कराची बाजू मी अधिकाराने सांगू शकत नाही, पण परतलेल्यांकडून जे शिकले त्यातले एक सांगणे गरजेचे आहे. भारतात पूर्ण निवासी झालेल्या माणसाला जगभरच्या उत्पन्नावर दरवर्षी कर द्यावा लागतो. म्हणजे खात्यातून एक पैसा काढला नाही तरी आत जमणारे व्याज-लाभांश मोजायचे का, हा प्रश्न उभा राहायचा. अमेरिका कर लावते पैसे काढताना. दोन्ही देशांची वर्षे जुळत नसत आणि इकडे भरलेल्या कराची तिकडे वजावट मिळणे अवघड होई. यावर २०२१ च्या वित्त कायद्याने आयकर कायद्यात कलम ८९ए घातले आणि अमेरिका, कॅनडा व ब्रिटनमधल्या निवृत्ती खात्यांसाठी, त्या देशात ज्या वर्षी कर लागतो त्याच वर्षी भारतात लावावा, असा पर्याय दिला. त्यासाठी फॉर्म १०-ईई विवरणपत्राच्या मुदतीआधी भरावा लागतो, आणि एकदा घेतलेला पर्याय मागे घेता येत नाही. २०२५ च्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा सीएला विचारताना जुना-नवा दोन्ही संदर्भ द्यावा. बरीच वर्षे बाहेर राहून परतलेल्यांना पहिली दोन-तीन वर्षे ‘सामान्य निवासी नसलेला’ हा दर्जा मिळू शकतो. त्या काळात परदेशी उत्पन्नाची गोष्ट वेगळी असते. काढायचेच असेल तर केव्हा काढायचे, याचा विचार त्या काळात शांतपणे करता येतो. विमानात बसण्याच्या आदल्या आठवड्यात होत नाही.

पन्नाशी ओलांडलेल्यांसाठीही एक गोष्ट. ज्या वर्षी माणूस पंचावन्न वर्षांचा होतो, त्या वर्षी किंवा नंतर नोकरी सोडली, तर त्याच कंपनीच्या ४०१-केमधून काढलेल्या पैशांवर तो दहा टक्के जादा कर लागत नाही. आयआरएला ही सूट नाही. म्हणजे छप्पन्नाव्या वर्षी आईच्या सेवेला कोल्हापूरला परतणाऱ्याने चांगल्या हेतूने सगळे आयआरएमध्ये हलवले, तर ही सूट गेली. सत्तरीतल्या ज्येष्ठांचा नियम उलटा आहे: काढावेच लागते. पूर्वी साडेसत्तर, मग बहात्तर, आणि २०२३ पासून त्र्याहत्तर वर्षे हे वय आहे. १९६० किंवा नंतर जन्मलेल्यांना ते पंचाहत्तर असेल. त्र्याहत्तराव्या वर्षासाठी आदल्या डिसेंबरअखेरच्या शिलकीला २६.५ ने भागायचे. २,६५,००० डॉलर असतील तर किमान १०,००० काढायचे. ही सक्तीची रक्कम रोलओव्हर करता येत नाही. विसरले तर न काढलेल्या रकमेच्या पंचवीस टक्के दंड, वेळेत दुरुस्त केले तर दहा. सत्तरच्या दशकात इकडे आलेली आणि आता पुण्या-मुंबईत राहणारी मंडळी पुष्कळ आहेत. त्यांच्या मुलांनी दर डिसेंबरात एकदा विचारावे.

शेवटचा मुद्दा बोलायला जड आहे, पण मी तो प्रत्येकाला विचारते. वारस कोण लिहिला आहे? अविवाहित असताना नोकरीला लागलेली मुले आईचे नाव लिहितात. लग्नानंतर ४०१-केमध्ये, जोडीदाराने साक्षांकित लेखी संमती दिल्याशिवाय, हक्क बहुतेक जोडीदाराचाच असतो. पण तेच पैसे आयआरएमध्ये गेले की नवा फॉर्म, नवे नाव, आणि बहुतेक राज्यांत जोडीदाराचे ते संरक्षण तिथे नाही. मृत्युपत्रात काय आहे याने फरक पडत नाही, फॉर्मवर काय आहे तेच चालते. ड्यूपाँटमधल्या केनेडी नावाच्या कर्मचाऱ्याचा घटस्फोट झाला, पत्नीने त्यात या पैशांवरचा हक्क सोडला, पण त्यांनी फॉर्म बदलला नाही. त्यांच्या मृत्यूनंतर सुमारे चार लाख डॉलर माजी पत्नीला गेले, आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने योजनेचे बरोबर ठरवले. मुलीच्या हाती काही आले नाही.

भारतातल्या आईवडिलांचे नाव वारस म्हणून असेल तर तेही माहीत असावे. मृत्यूनंतर मिळणाऱ्या रकमेवर तो दहा टक्के जादा कर नाही. २०२० पासूनच्या मृत्यूंत बहुतेक वारसांना दहा वर्षांत खाते रिकामे करावे लागते, पण मुलापेक्षा वयाने मोठ्या असलेल्या आईवडिलांना आपल्या आयुर्मानाप्रमाणे हळूहळू घेण्याची मुभा आहे. परदेशी वारसाला पैसे देताना सहसा तीस टक्के कापले जातात, आणि भारत-अमेरिका कर करारातली सवलत मागायची तर त्यांना अमेरिकी करदाता क्रमांक काढावा लागतो. दुःखाच्या त्या दिवसांत हे कागद कोण शोधणार? म्हणून संस्थेचे नाव, खात्याचा क्रमांक आणि वारसाच्या फॉर्मची प्रत घरात ठेवावी.

संपादक महाशय, आपल्याकडे दोन्ही देशांचे कर जाणणारे चार्टर्ड अकाउंटंट नक्कीच असतील. त्यांच्याकडून फॉर्म १०-ईईवर जूनमध्येच एक लेख लिहून घ्यावा, म्हणजे जुलैच्या मुदतीआधी परतलेल्यांना उपयोग होईल. आणि आईवडिलांना माझी विनंती: मुलाची नोकरी गेल्याचा फोन आला, तर पैशांविषयी त्या रात्री एकच प्रश्न विचारा, ‘चेक कुणाच्या नावाने काढायला सांगितलास?’ तो अजून काढला नसेल, तर तसाच राहू द्यायला सांगा आणि त्याला आधी जेवून झोपायला सांगा.

आपली नम्र,
एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

(नोकरीच्या ठिकाणच्या गोपनीयतेमुळे नाव छापू नये, ही विनंती.)